हिशेब, अबोला आणि मुलं

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरी दिवाळी येते, तेव्हा खर्चाची सगळी तोंडं उघडी असतात आणि घडात अजून मणीही भरलेले नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड्या बाराची छाटणी झालेली असते. डावणी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने फवारण्या चालू असतात. मजुरी, खतं, ट्रॅक्टरचं डिझेल, सोसायटीचं कर्ज आणि औषधाच्या दुकानातली उधारी एकाच वेळी अंगावर येते. पैसा हाती पडणार तो जानेवारी ते एप्रिलच्या काढणीत, तोही अवकाळीने बाग झोडपली नाही, व्यापारी ठरल्या भावाला टिकला आणि त्याने दिलेला चेक वटला तर. दहावी-बारावीच्या परीक्षाही नेमक्या काढणीच्याच महिन्यांत येतात. बापाचं वर्ष आणि पोराचं वर्ष एकाच पंधरवड्यात ठरतं, एकाच छपराखाली. २०२३ साली नोव्हेंबरच्या अखेरीस गारपिटीने निफाडच्या बागा झोडपल्या आणि ८ डिसेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. द्राक्ष आणि कांदा अशी दोन्ही पिकं करणाऱ्या घरांना दोन आठवड्यांत दोन तडाखे बसले. त्या वर्षी बागांचे पंचनामे झाले. त्या घरांतल्या मुलांवर काय बेतलं, याचा पंचनामा करणारी यंत्रणा आपल्याकडे नाही.

याच तालुक्यातल्या ओझरला पैशाच्या दोन वेगळ्या वेळापत्रकांची घरं शेजारीशेजारी राहतात. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला, मिग-२१ इथे बांधली जाऊ लागली, पुढे सुखोई-३० आली आणि एचएएलच्या टाउनशिपमधल्या घरांना महिन्याच्या ठरल्या तारखेचा पगार मिळाला. शिवाराला वर्षातून एकदा पैसा दिसतो, टाउनशिपला बारा वेळा. पण कारखान्याच्या भिंतीच्या आतही सगळ्यांची खात्री सारखी नसते. कायम कामगाराला वेतनकराराची वाट पाहावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यासाठीच एचएएलच्या कामगारांनी देशभर बेमुदत संप केला होता. कंत्राटी कामगाराचं घर तर विमानांच्या मागणीवरच चालतं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केलं तेव्हा कारखान्याला पुढच्या काही वर्षांच्या कामाची शाश्वती मिळाली. ती शाश्वती कोणाकोणाच्या घरापर्यंत पोहोचते, हे मात्र प्रत्येकाच्या नेमणुकीच्या कागदावर अवलंबून आहे. म्हणून पैशाची चिंता ही फक्त शेतकऱ्याच्या ओसरीवरची गोष्ट आहे असं समजायचं कारण नाही.

अशा ओढाताणीच्या काळात मुलाचं नेमकं काय बिघडतं आणि कोणत्या वाटेने बिघडतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: क्लास सुटला, नवे कपडे नाहीत, सहलीला जाता आलं नाही, म्हणून मूल खट्टू होतं. दुसरं उत्तर वडीलधारी देतात: आम्ही याहून हलाखीत वाढलो, आम्हाला काही झालं नाही, आताच्या मुलांनाच सोसत नाही. दोन्ही उत्तरांचं लक्ष वस्तूंवर आहे, मिळाल्या की नाही मिळाल्या यावर. माझं म्हणणं वेगळं आहे. टंचाई मुलाच्या मनापर्यंत वस्तूंच्या अभावातून जेवढी पोहोचते, त्यापेक्षा जास्त ती आई-वडिलांच्या मनःस्थितीतून, त्यांच्या आपसातल्या बोलण्यातून आणि न बोलण्यातून पोहोचते. हे म्हणणं पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी नाही. बाजारभाव, पाऊस आणि कारखान्याच्या ऑर्डरी यांतलं काहीही आई-बापाच्या हातात नसतं, तेव्हाही मुलासाठी काहीतरी वाचवता येतं, आणि ते कुठे वाचवता येतं, हे यातून कळतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा शेतकरी कुटुंबांच्याच अभ्यासातून आला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात जमिनीचे भाव चढत होते, म्हणून शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी आणि यंत्रं घेतली. पुढच्या दशकात व्याजदर भडकले, शेतमालाचे भाव पडले, तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत घसरली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात निघाली. या पार्श्वभूमीवर रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी १९८९ साली आयोवा राज्याच्या ग्रामीण भागातली ४५१ कुटुंबं अभ्यासाला घेतली. प्रत्येक घरात आई-वडील, सातवीत शिकणारं एक मूल आणि त्याच्या जवळपासच्या वयाचं एक भावंड होतं. संशोधकांनी उत्पन्न आणि कर्ज तर मोजलंच, शिवाय घरी जाऊन कुटुंबाला एकत्र बसवून घरच्या विषयांवर बोलायला सांगितलं आणि ते बोलणं चित्रित केलं. कोण कोणाला तोडून बोलतं, कोण टोमणा मारतं, कोण ऐकून घेतं याची नोंद झाली. त्यातून जी साखळी दिसली ती अशी: कर्ज आणि घटलेलं उत्पन्न यांतून रोजची ओढाताण येते, म्हणजे बिलं थकतात, गरजेच्या खर्चाला कात्री लागते. या ओढाताणीने आई आणि वडील दोघेही खचतात आणि चिडचिडे होतात. त्या चिडचिडीची झळ आधी नवरा-बायकोच्या नात्याला लागते. मग मुलांशी वागणं एक तर कठोर होतं, नाहीतर धरसोडीचं. मुलाच्या मनावर आणि अभ्यासावर जो परिणाम होतो, त्याचा मोठा भाग या शेवटच्या दोन कड्यांतून येतो.

ही साखळी आपल्या घरात ओळखू येण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. कांद्याचा भाव पडलेल्या दिवशी माणूस पिंपळगावच्या किंवा लासलगावच्या बाजार समितीतून परततो, ट्रॅक्टर अंगणात लावतो आणि पहिला शब्द निघतो तो पोराच्या मोबाइलवरून. पोराला वाटतं, चूक मोबाइलची. काल तोच मोबाइल चालला होता, आज का चालत नाही, हे त्याला उमगत नाही. नियम मुलांना जाचत नाहीत असं नाही, पण नियम बाजाराप्रमाणे बदलू लागले की मूल नियम शिकायचं सोडून बापाचा चेहरा वाचायला शिकतं. त्या वाचनात त्याची बरीच बुद्धी खर्च होते. अभ्यासाच्या पुस्तकासमोर बसलेल्या मुलाचे कान स्वयंपाकघराकडे असतील, तर ते मूल आळशी नाही. ते घरातल्या धोक्यावर पहारा देत बसलं आहे. परीक्षेच्या महिन्यात ‘लक्षच लागत नाही’ अशी तक्रार आली की आपण मुलाला स्मरणशक्तीची औषधं आणि वेळापत्रकं देतो, घरात चाललेल्या ताणाबद्दल मात्र त्याच्याशी बोलत नाही.

भांडण हा या साखळीतला दिसणारा भाग झाला. मराठी घरात त्याहून नेहमीचा आहे तो अबोला. चार-चार दिवस नवरा-बायको मुलांच्या तोंडून निरोप पोहोचवतात. ‘बाबांना सांग, जेवण वाढलंय’, ‘आईला विचार, सोसायटीचा कागद कुठे ठेवलाय’. मोठ्यांची समजूत अशी, की आवाज चढला नाही म्हणजे मुलांना काही कळलं नाही. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून मुलांना मोठ्यांच्या वादाची दृश्यं दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया तपासल्या. शब्दांविना दाखवलेला राग, म्हणजे पाठ फिरवणं, उत्तर न देणं, हेसुद्धा मुलांना उघड भांडणासारखंच अस्वस्थ करतं, असं त्यात दिसलं. त्याच प्रयोगांतला दुसरा निष्कर्ष जास्त उपयोगाचा आहे. वाद मिटल्याचं मुलांना दिसलं तर त्यांची अस्वस्थता बरीच ओसरते. वाद दाराआड मिटला आणि मुलांना फक्त त्यानंतरचं मोकळं वागणं दिसलं, तरीही फरक पडतो. म्हणजे भांडण झालंच नाही पाहिजे, ही अशक्य अट कोणी घालत नाही. भांडण मुलांसमोर होत असेल तर ते मिटलेलंही मुलांना कळलं पाहिजे. आपण वाद मुलांच्या देखत करतो आणि समेट रात्री दिवा मालवल्यावर करतो. निदान सकाळचा चहा तरी दोघांनी एकत्र घेतला, तर मुलाला पुरेसा निरोप मिळतो.

आयोवाच्या अभ्यासातच आशेचं कारणही सापडलं. सगळी घरं सारखी मोडली नाहीत. ज्या जोडप्यांत एकमेकांना आधार देण्याची रीत होती, तिथे ओढाताण असूनही खचणं कमी होतं. जी जोडपी एखादा प्रश्न समोर ठेवून, दोषारोप बाजूला सारून त्यावर मार्ग काढू शकत होती, त्यांच्या नात्यावर पैशाच्या वादांचा परिणाम कमी झाला. कर्जाचा आकडा दोन घरांत सारखा असूनही एका घरातलं मूल सावरतं आणि दुसऱ्या घरातलं कोसळतं, याचं एक मोठं कारण इथे आहे. साखळीची पहिली कडी आपल्याला तोडता आली नाही तरी तिसरी किंवा चौथी तोडता येते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो रागाने घेतला जातो, हेही रास्त आहे. पैशाचा प्रश्न पैशानेच सुटतो. भाव द्यायचा नाही आणि शेतकऱ्याला शांत कसं बोलावं हे शिकवायचं, ही चलाखी झाली. याचं उत्तर अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका अभ्यासात आहे. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तिथल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवत होते. त्यांत चेरोकी या मूळनिवासी जमातीची मुलंही होती. मध्यंतरी त्या जमातीच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला. कोणाचंही वर्तन सुधारण्याची अट नव्हती, नुसता पैसा आला. गरिबीतून वर आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची वर्तनाची दुखणी, म्हणजे आक्रमकता, उद्धटपणा, नियम मोडणं, कमी होत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आली. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे रास्त भाव, वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई आणि कामगाराची खात्रीची नेमणूक हे मुलांच्या मानसिक आरोग्याचेच विषय आहेत, आणि ही मागणी पालकांनी चढ्या आवाजात केली पाहिजे. पण पैसा आल्यावर मुलं सुधारली कशी, याचा शोध घेतला तेव्हा पालकांचं मुलांकडचं लक्ष वाढलं होतं, असं निघालं. पैशाचा परिणाम झाला तोही त्याच वाटेने, नातेसंबंधांतून. त्यामुळे ‘पैसा की वागणं’ अशी निवड करायची गरजच नाही.

दुसरा आक्षेप असा, की आयोवा म्हणजे निफाड नव्हे. तिथे चौकोनी कुटुंबं. आपल्याकडे आजी-आजोबा, काका-काकू, भावकी. ही साखळी फक्त तिथलीच असती तर आक्षेप टिकला असता. पण १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये मोठी मंदी आली, तेव्हा टिट्टी सोलांतौस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांत हीच तपासणी केली आणि जवळपास तीच साखळी हाती आली. आपल्या एकत्र कुटुंबाचं बळ मात्र खरंच आहे. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी पुढची कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी आणि घरातले कलह यांसारख्या अनेक अडचणींत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं म्हणून वाढली. त्यांच्यापैकी बहुतेकांना आई-वडिलांखेरीज आणखी एका मोठ्या माणसाचा, अनेकदा आजी-आजोबांचा, भक्कम आधार होता. आपल्याकडे हा आधार घरातच असतो. पण त्याच घरात वाटणीचा वाद असेल, बांधावरून भावाभावांत कोर्ट चालू असेल, तर मुलाला पहारा देण्यासाठी आणखी दोन खोल्या वाढतात. आजी आधार देते की बाजू घेते, यावर सगळं अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप प्रेमातून येतो: मुलांना यातलं काही कळूच द्यायचं नाही, त्यांचं वय आहे का कर्जाचं? हा विचार मायेचा असला तरी पुरावा त्याच्या बाजूने नाही. ग्लेन एल्डर यांनी आयोवाच्या आधी, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या अमेरिकेतल्या ओकलंडच्या १६७ मुलांचा अभ्यास मांडला होता. महामंदीत त्यांच्यापैकी अनेकांच्या घरचं उत्पन्न एकतृतीयांशाहून अधिक घटलं. ती मुलं तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. त्यांना घरातली कामं पडली, काहींनी बाहेर छोटी कामं करून चार पैसे आणले, आपण घराच्या उपयोगी पडतो ही जाणीव त्यांना आली आणि पुढे त्यांच्यापैकी बरेच जण धडपडे, जबाबदार निघाले. मंदीच्या तोंडावर जन्मलेल्या, म्हणजे त्या काळात अगदी लहान असलेल्या मुलांवर, विशेषतः मुलग्यांवर, परिणाम जास्त वाईट झाला. पाच वर्षांच्या मुलाला कर्जाचा आकडा सांगून उपयोग नाही. ‘बाबा कामामुळे काळजीत आहेत, तुझ्यामुळे नाही’ एवढं वाक्य त्याला पुरतं. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र यंदा काय जमेल, काय जमणार नाही आणि त्याच्याकडून कोणती मदत हवी, हे साफ सांगितलं पाहिजे. अट एकच: मदत त्याच्या वयाला पेलणारी असावी, शाळा सुटता कामा नये. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. कर्जात बुडत चाललेल्या घराची गोष्ट महाराष्ट्राने त्या पुस्तकात मुलाच्या नजरेतून वाचली. आपण त्यातली आईची शिकवण उचलली. श्यामला घरातलं सगळं कळत होतं, ही गोष्ट मात्र पुरेशी उचलली नाही.

आणखी एक धोका सांगायलाच हवा. ‘घरात शांतता ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे बहुतेक वेळा बाईला दिला जातो. तिने जुळवून घ्यायचं, तिने गप्प बसायचं. या लेखातल्या कोणत्याही पुराव्याचा तसा अर्थ होत नाही. काँगर-एल्डर यांच्या साखळीत वडिलांचं खचणं तितकंच महत्त्वाचं आहे, आणि पुरुषाचं खचणं अनेकदा रडण्यातून दिसत नाही. ते संतापातून, दारूतून, घराबाहेर वेळ काढण्यातून दिसतं. म्हणून बदलाचा निम्मा वाटा त्याचाच आहे. हात उगारला जात असेल तर तो नवरा-बायकोचा वाद उरत नाही. तिथे समेटाची भाषा बोलू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे.

मग करायचं काय? ओझरला याचा एक धडा पाण्याने दिला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शिवारात पोहोचत नव्हतं. १९९०च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाळी ठरवायची, हिशेब सर्वांसमोर मांडायचा अशी पद्धत बसली. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्याच हाती आलं. धरणातलं पाणी वाढलं नव्हतं. किती आहे, माझी पाळी कधी आणि कमी पडलं तर कोणाचं किती कमी होणार, हे आधी ठाऊक झालं, म्हणून भांडणं घटली आणि शेपटापर्यंत पाणी गेलं. घरातही कालव्याच्या शेपटाला मूलच असतं. महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी नवरा-बायकोने वही उघडून बसावं. घरात किती आहे, देणं किती, या महिन्यात कशाला कात्री लावायची, हे ठरवावं. दहा वर्षांपुढच्या मुलांना त्यातलं त्यांच्यापुरतं सांगावं. पैशाचा विषय त्या बैठकीबाहेर, विशेषतः जेवणाच्या ताटावर, काढू नये. काढणीच्या आणि परीक्षेच्या महिन्यात मुलासाठी एक गोष्ट पक्की ठेवावी, मग ती रात्री एकत्र जेवण्याइतकी साधी का असेना. खात्री महाग नसते, पण ती रोज द्यावी लागते.

एवढं करूनही जे घर सावरत नाही, त्याला बाहेरून हात लागतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये निवडक जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलीमानस’ची १४४१६ ही मानसिक आधाराची मोफत सेवा देशभर सुरू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या कार्यालयात, बाजार समितीच्या फाटकावर आणि कारखान्याच्या गेटवर लावले पाहिजेत, कारण खचलेला माणूस दवाखान्यात जात नाही, पण या चार ठिकाणी जातो. शाळांनी पालकसभा जानेवारीत, काढणी पुरती सुरू होण्याआधी घ्यावी आणि तिच्यात गुणांआधी घरातल्या ओढाताणीबद्दल बोलावं. वर्गात अचानक मागे पडलेल्या मुलाला ‘अभ्यास का करत नाहीस’ असं विचारण्याआधी शिक्षकाने त्याच्या घरी या हंगामात काय झालं, ते विचारावं. बँका आणि सोसायट्यांनी वसुलीच्या नोटिसा फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या हाती पडणार नाहीत एवढी काळजी घेतली, तर त्यांचं एका रुपयाचंही नुकसान होणार नाही. गारपिटीनंतर पंचनाम्याला येणाऱ्या माणसाने घडांचं नुकसान मोजताना घरात शाळकरी मुलं किती, ही आणखी एक नोंद घ्यावी आणि ती शाळेपर्यंत पोहोचवावी. नुकसान पिकाचं झालं की ते घरात शिरणार, हे आता आपल्याला माहीत आहे. माहीत असूनही मुलांची विचारपूस न करणं, हा मग गारांचा दोष राहत नाही.